सुलट, पण कुठून?

‘‘आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षरही तुम्ही खरं मानणार नाही. मानूही नका. आजवर ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांतल्या एकानंही मानलेली नाही, आणि त्यांतला एक जण तर त्या दिवशी स्वतः तिथं हजर होता.’’

काकांनी चहाचा कप बाजूला सारला. कारखान्याच्या शिकवणीच्या खोलीत नव्यानं भरती झालेली दहा-अकरा माणसं बसली होती. काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मशीन शिकवणाऱ्या मॅडमनी फोन केला, नव्या लोकांना जुनं काहीतरी सांगा म्हणाल्या, आणि काका अर्धा तास आधीच येऊन बसले होते. बोलायला माणसं मिळाली की काकांना जेवण लागत नसे.

‘‘मधे बोलायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘गोष्ट अशी.’’

१

त्या दिवशी टाकी फुटली.

टाकी ॲल्युमिनियमची, दोन मजली घराएवढी. अशी टाकी बाहेर पाठवण्याआधी तिच्यात पाणी कोंबून दाब देतात. सोसला तर पास. हिनं ठरल्या दाबाचा तिसरा हिस्साही सोसला नाही. असा काही आवाज झाला की तीन गल्ल्या पलीकडच्या न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्धवट भादरून दुकान बंद केलं. जोडाची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली, आणि त्या लोंढ्यात टाकीची परीक्षा बघायला आलेले चार पाहुणे, दोन खुर्च्या आणि साहेबांचा डावा बूट फाटकापर्यंत वाहत गेले. पाहुणे परत आले. बूट अजून यायचाय.

जोडाचा तुकडा कापून बघितला तर शिवणीच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भोक. उंदरानं पोखरावं तसं.

आता हा जोड काही वितळवून केलेला नव्हता. त्यात ना ठिणगी, ना धूर. दोन पत्रे कडेला कड लावून आवळायचे आणि त्यांच्या मधल्या रेघेत पोलादाचा गरगर फिरणारा दांडा दाबून घुसवायचा. घासून घासून धातू तापतो, मऊ पडतो, पण वितळत नाही. दांडा त्याला कणकेसारखा तिंबत पुढे सरकतो, आणि मागे दोनाचा एक पत्रा होऊन राहतो. तिंबणं चुकलं की पोटात पोकळी राहते, आणि वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

कसं तिंबायचं हे ठरायचं वरच्या मजल्यावर, संगणकात. तिथं एक जण बसायचा, त्याला सगळे गणित्या म्हणत. पडद्यावर तो पत्रा उभा करायचा, त्याचे लाखभर बारीक चौकोन पाडायचा आणि दांडा फिरला तर कुठला चौकोन किती तापेल, कुठला कुणीकडे सरकेल, हे आधीच काढून ठेवायचा. नखाला तेल न लागू देता त्यानं तीन हजार जोड मारले होते. गणित जमलं की तो एका कागदावर हातानं सूचना लिहायचा: इतका वेग, इतका दाब, दांडा अमुक दिशेनं. प्रत ठेवायची पद्धत नव्हती. तो कागद खाली यायचा आणि मशीनजवळच्या फळीवर चिमट्यात अडकवला जायचा. खाली मिस्त्री तो बघून मशीन चालवायचे. एकतीस वर्षं ते हेच करत होते.

टाकी फुटली, सगळे पाण्यामागे धावले, परत आले, आणि बघतात तर फळी रिकामी. कागद गायब.

साहेबांनी एका पायात बूट घालून खिळेबाईंना बोलावलं. खिळेबाई कारखान्याची दप्तरं सांभाळायच्या. त्याआधी वीस वर्षं त्या एका छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायच्या, म्हणून हे नाव. छापखाना बंद पडला, नाव राहिलं. समोरचा माणूस वर्तमानपत्र वाचत असला की बाई त्याच्या पातळ पानाच्या मागून आतली बातमी वाचून मोकळ्या व्हायच्या.

‘‘तुम्हाला काना-मात्रा सुटलेला दिसतो,’’ साहेब म्हणाले. ‘‘हे कुणामुळे झालं, बघा. शनिवारी दुपारपर्यंत मला नाव पाहिजे. तोवर त्या मिस्त्रीकडची मशीनची चावी काढून घ्या. आत्ताच.’’

‘‘आधी त्यांना विचारते तरी.’’

‘‘चावी घेतल्यावर विचारा.’’

आणि बाईंनी तेच केलं. ऐंशी माणसांसमोर जाऊन हात पुढे केला. मिस्त्रींनी गळ्यातली दोरी काढली, चावी बाहीला पुसली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली. तापलेली नव्हती ती चावी, पण बाईंना चटका बसल्यासारखं झालं. एक प्रश्न न विचारता एका माणसाला त्यांनी सगळ्यांसमोर चोर ठरवून टाकलं होतं. शनिवारपर्यंत दुसरं नाव सापडलं नाही, तर एकतीस वर्षांवर त्यांच्याच अक्षरात काट बसणार होती.

मिस्त्री वळले, मग थांबले.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘कागदावर सुलट होतं.’’

२

सुलट म्हणजे घड्याळाचे काटे फिरतात तसं. उलट म्हणजे त्याच्या विरुद्ध. खालच्या लोकांची ही भाषा, आणि गणित्यानंही कागदापुरती तीच उचललेली.

खिळेबाई जिना चढून वर गेल्या. गणित्याची खोली थंडगार, पांढरी. पायपुसण्यावर सुद्धा पाय ठेवायला संकोच वाटावा अशी.

‘‘तुम्ही खाली येता का कधी?’’ बाईंनी बसता बसता विचारलं.

‘‘अकरा वर्षांत एकदाही नाही. तिथल्या आवाजानं माझं डोकं उठतं.’’

‘‘मग मशीन कसं असतं, माहीत आहे?’’

‘‘बाई, मशीनला जे माहीत नसतं तेसुद्धा मला माहीत असतं.’’ त्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला. ‘‘हे बघा. पाहुण्यांना दाखवायला म्हणून खास सजवलं होतं.’’

पडद्यावर पत्रा होता, निळ्यापासून लाल रंगापर्यंत रंगवलेला. दांड्याचं टोक फिरत होतं आणि लाल धातू त्याच्याभोवती वळसे घेत होता. कोपऱ्यात टाकीचा नंबरही कोरलेला.

‘‘ग सदतीस,’’ बाईंनी वाचलं. ‘‘छान आहे.’’

गणित्यानं त्यांच्याकडे जरा चमकून बघितलं, आणि मग भराभरा बोलायला लागला. ‘‘या वेळी दांडा नवा होता. आधीचे गुळगुळीत, हा आटे पाडलेला, स्क्रूसारखा. एका दिशेनं फिरवला की आटे धातूला खाली रेटतात, शिवण भरते. दुसऱ्या दिशेनं फिरवला की तेच आटे धातू वर उपसतात, आणि तळाशी पोकळी. माझ्या गणितात बघा, धातू खाली जातोय. पोकळी शून्य. आणि मशीनच्या नोंदीत काय आहे? दांडा सुलट फिरलाय. या आट्यांना तो उलट फिरायला हवा होता.’’

‘‘म्हणजे तुम्ही कागदावर उलट लिहिलं होतं?’’

गणित्यानं चष्मा काढला, पुसला. पुसायला फार वेळ घेतला.

‘‘माझ्या पडद्यावर जे होतं, तेच मी लिहिलं.’’

‘‘मग कागद गेला कुठे?’’

‘‘मला काय माहीत? त्या फळीचा चिमटा ढिला आहे, उडाला असेल पाण्याबरोबर.’’ त्यानं चष्मा परत लावला. ‘‘बाई, मी खोटं बोलत नाहीये. गणित अगदी बरोबर आहे.’’

आणि गंमत अशी की तो खरंच खोटं बोलत नव्हता. बाईंना ते कळत होतं. छापखान्यात त्यांनी खूप खोटारडे लेखक पाहिले होते. हा घाबरलेला होता, पण गणिताबद्दल नाही.

त्यांनी त्या चित्राची छापील प्रत मागून घेतली आणि खाली आल्या. यंत्रांच्या रांगेतून जाताना बोलणं बंद पडत गेलं. सगळ्यांनी पाठी फिरवल्या. बाईंचे कान तापले. त्या माणसांना दोष द्यायला जागाच नव्हती.

‘‘काका, तुम्ही कुठे होतात त्या वेळी?’’ पहिल्या बाकावरच्या एकानं विचारलं.

‘‘मी? होतो की इथंच कुठंतरी. मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?’’

३

हत्यारांच्या कोठारावर जो माणूस होता त्याला ‘कुलूप’ म्हणत. एकदा त्याची बायको हरवली तेव्हा ती कुठे असेल ते पोलिसांना सांगायलाही त्यानं दोन दिवस घेतले होते. ती माहेरी होती. त्यानंच नेऊन पोचवली होती.

‘‘दांडा कुठला दिला होतास?’’

‘‘नोंदीत आहे तोच. नवा, आट्यांचा.’’

‘‘मिस्त्री काही म्हणाले, दांडा बघून?’’

‘‘मिस्त्री मला काय म्हणाले ते मी सांगणार नाही.’’

‘‘म्हणजे म्हणाले.’’

कुलूप कपाटातली हत्यारं मोजायला लागला.

‘‘मग काय केलं त्यांनी?’’

‘‘इथला फोन उचलला, तेही मी सांगणार नाही.’’

बाईंनी हसू दाबलं. ‘‘कुणाला लावला, तेही सांगू नकोस.’’

कुलपानं बोटानं छत दाखवलं. वरचा मजला. ‘‘मी काही बोललोय का? नाही. बोललो तर मिस्त्री माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाहीत. त्यांनी मला सांगितलंय, हे ऐकलंस ते विसर. मी विसरलोय.’’

‘‘काय विसरलायस?’’

‘‘बाई, तुम्ही मला फसवताय,’’ असं म्हणून कुलपानं खरोखरच कोठाराचं दार लावून घेतलं.

म्हणजे फोन झाला होता. गणित्या त्याबद्दल बोलला नव्हता, ते समजण्यासारखं होतं. पण ज्या फोननं मिस्त्री वाचले असते, त्याबद्दल मिस्त्री स्वतः का गप्प होते?

४

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या घरी गेल्या. मिस्त्रींच्या बायकोनं दार उघडलं. हाताला साबणाचा फेस.

‘‘ते तर कामावर गेले हो. रोजच्यासारखेच, डबा घेऊन. तुम्ही कारखान्यातल्याच ना? तुम्हाला दिसले नाहीत?’’



‘‘हो, हो. माझीच चूक. मी आज बाहेरच्या कामाला निघाले होते, वाटलं आज सुट्टी घेतली असेल त्यांनी.’’

‘‘सुट्टी? ते?’’ बायको मनापासून हसली. ‘‘आमच्या लग्नाला अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती त्यांनी. संध्याकाळी मशीन साफ करून येतो म्हणाले होते.’’

बाई पायऱ्या उतरल्या त्या कठड्याला धरून. आयुष्यात त्या खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही, पण इतक्या चांगल्या हसण्यासमोर पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

मिस्त्री सापडले बसथांब्यावर. बाकावर बसले होते, बसेस येत होत्या, जात होत्या. मांडीवर डबा, न उघडलेला. बाईंना बघून ते उठायला लागले, तसा बाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

‘‘घरी जाऊन आले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काही सांगितलं नाही.’’

मिस्त्रींनी मान खाली घातली.

‘‘चावी घेताना मी विचारायला हवं होतं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तुम्हाला सांगितलं ते तुम्ही केलंत. मला सांगितलं ते मी केलं.’’

‘‘फोनवर तुम्हाला काय सांगितलं?’’

‘‘कुलूप बोलला?’’

‘‘काही नाही बोलला. बरंच नाही बोलला.’’

मिस्त्रींना हसू आलं, आणि मग तेवढ्याच झटक्यात गेलं. ‘‘बाई, मी आटे बघितले. सुलट फिरवला तर माल वर येणार, हे कुणालाही दिसेल. बरणीचं झाकण उघडणाऱ्यालाही दिसेल. कागद हातात होता. फळीवर परत लावताना चिमटासुद्धा वाकला माझ्या हातून, इतका मी घुटमळत होतो. शेवटी गणित्याला फोन लावला. म्हटलं, साहेब, सुलट म्हणजे सुलटच ना?’’

‘‘मग?’’

‘‘नाही सांगत.’’

‘‘मिस्त्री, शनिवारी तुमचं नाव लिहायचंय मला.’’

त्यांनी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. ‘‘म्हणाला, मिस्त्री, हात तुमचे, डोकं आमचं. तुम्ही हात चालवा. एवढंच. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे तो. आणि मी ‘बरं’ म्हटलं, बाई. आजूबाजूच्यांना सांगितलं, वरचे म्हणतायत विचार करूनच लिहिलंय. मला ठाऊक होतं की चुकतंय, आणि मी हात चालवले. त्याच्या बोलण्याची लाज नाही वाटत आता. माझ्या ‘बरं’ची वाटते.’’

बस आली. दोघांपैकी कुणीच चढलं नाही.

५

म्हणजे आता दोन माणसं होती. एक म्हणतो कागदावर सुलट होतं. दुसरा म्हणतो पडद्यावर होतं तेच लिहिलं, आणि पडद्यावर धातू बरोबर खाली चाललेला, म्हणजे दांडा उलट. दोघांच्याही तोंडावर खरेपणा दिसतो. बाईंनी शुक्रवारी दुपारपर्यंत डोकं फोडलं आणि शेवटी ते चित्र घेऊन परत कोठारात गेल्या.

‘‘कुलूप, यातला दांडा तोच आहे का, एवढं सांग. याला सांगणं म्हणत नाहीत.’’

कुलपानं चित्र हातात घेतलं. डोळे बारीक केले. उलटं धरलं, परत सुलटं धरलं.

‘‘दांडा तोच दिसतोय. पण हे कोपऱ्यात काय लिहिलंय? कुठली लिपी ही?’’

‘‘कुठली काय, सरळ तर आहे. ग सदतीस.’’

‘‘हे ग सदतीस?’’ कुलूप चित्र घेऊन हात धुवायच्या भांड्यापाशी गेला आणि त्यावरच्या आरशासमोर त्यानं ते धरलं. ‘‘अरेच्चा! खरंच की. पण आरशात. तुम्ही आरशाशिवाय कसं वाचलंत?’’

खिळेबाई स्टुलावर बसल्या.

वीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवले होते. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, कागदावर उठल्यावर सुलट होतं. वीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांना त्यातला फरकच कळेनासा झाला होता. जी गोष्ट ऐंशीतल्या कुणाही माणसाला पहिल्या क्षणी खटकली असती, ती पहिल्याच दिवशी त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली होती, वर ‘छान आहे’ असंही म्हटलं होतं. आणि म्हणूनच गणित्या चमकला होता. त्याला वाटलं, बाईंना कळलं.

त्यांना कळलं नव्हतं. त्यांच्या हुशारीपायी एक माणूस तीन दिवस बसथांब्यावर बसला होता.

‘‘बाई, पाणी देऊ?’’

‘‘नको. उद्या सगळ्यांना मधल्या शेडमध्ये बोलाव. क्रेनवाल्यालाही. त्याला म्हणावं, वरच बस.’’

६

शनिवारी बारा वाजता मधल्या शेडमध्ये सगळे जमले. साहेब नवे बूट घालून आले होते. मिस्त्री आपल्या मशीनपाशी उभे होते, हात मागे. गणित्याला वरून बोलावून आणावं लागलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

बाईंनी छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं.

‘‘पंखा कसा फिरतोय?’’

‘‘उलट!’’ खालून चाळीस आवाज आले.

बाईंनी मान वर केली. क्रेनवाला पंख्याच्याही वर, आपल्या पिंजऱ्यात बसला होता. ‘‘ए वरच्या! तुला कसा दिसतोय?’’

‘‘सुलट!’’ तो ओरडला.

‘‘डोळे तपास रे!’’ खालून कुणीतरी.

‘‘तू वर येऊन बघ, गाढवा! सुलटच आहे!’’

दोन मिनिटं नुसता गोंधळ. मग हळूहळू एकेक तोंड बंद होत गेलं. एकच पंखा, एकच फिरणं. खालून उलट, वरून सुलट.

‘‘हे चित्र,’’ बाई म्हणाल्या, आणि कागद वर धरला. ‘‘यातला नंबर उलटा उमटलाय. कारण पत्रा खालून बघितलाय. वरून बघितलं की दांडा शिवण झाकतो, पाहुण्यांना रंग दिसत नाहीत. म्हणून या वेळी पडद्यावर अख्खा पत्रा पालथा घातला. नंबरही उलटा दिसायला लागला, पण चित्राच्या नादात तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दांडा गणितात बरोबरच फिरत होता. वरून बघणाऱ्याला उलट. पण खालून बघणाऱ्याला सुलट. जसं दिसलं तसं लिहिलं गेलं. गणित खरं होतं. मिस्त्रीही खरे होते, कागदावर सुलटच होतं. चुकलं ते एवढंच, की सुलट कुठून ते लिहायचं राहिलं. त्या चुकीबद्दल मी कुणाचं नाव लिहिणार नाही. माझ्याकडूनही तसलीच चूक झाली आहे, आणि त्यापायी मी एका माणसाला तीन दिवस बसथांब्यावर बसवलंय.’’

साहेबांनी घसा खाकरला. ‘‘मग प्रश्न मिटला.’’

‘‘नाही मिटला. कागद कुणीतरी उचललाय. सगळे पाण्यामागे धावले, शेड रिकामी होती, तेव्हा. आणि उचलणाऱ्याला माहीत आहे की फळीचा चिमटा ढिला होता. तो त्याच सकाळी वाकला होता. मिस्त्रींच्या हातून. मिस्त्रींनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला मात्र हे दोघांनी सांगितलं. एक मिस्त्री. दुसरा तो, जो म्हणतो की अकरा वर्षांत मी खाली आलेलोच नाही.’’

बाई कुणाकडेही बघत नव्हत्या. ‘‘मी बोट दाखवणार नाही. ज्यानं घेतला त्यानं उठून सांगावं.’’

ऐंशी माणसं, आणि फक्त पंख्याचा आवाज.

‘‘आणि मग, मंडळी,’’ काकांचा आवाज भरून आला, ‘‘मग गणित्या उठला!’’

कसा उठला, ते बघायला हवं होतं. खुर्ची मागे कोलमडली ती त्याला कळलीच नाही. खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि दोन्ही हातांनी सगळ्यांसमोर धरला. ‘चूक माझी,’ तो म्हणाला. ‘टाकी फुटली तेव्हाच मला फोन आठवला. मी जिना उतरलो आणि कागद घेतला. आणि मिस्त्री, फोनवर जे बोललो ते डोकं नव्हतं, ते माझं रिकामं मडकं बोललं.’ असा रडला की मशीनचा पाया ओला झाला. मिस्त्रींनी पुढे होऊन त्याला मिठी मारली. साहेबांनी स्वतःच्या हातानं चावी परत दिली. मिस्त्रींनी तिथल्या तिथं मशीन सुरू केलं, दांडा उलट फिरवला आणि अशी शिवण मारली, अशी शिवण मारली की आपण कधीकाळी दोन होतो हे त्या पत्र्यांनासुद्धा आठवेना. लोकांनी इतक्या टाळ्या पिटल्या की क्रेनवाला पिंजऱ्यातून पडता पडता वाचला. त्या दिवसापासून गणित्या रोज सकाळी खाली यायचा, आणि मिस्त्रींना विचारल्याशिवाय एक आकडा लिहायचा नाही...

‘‘खोटं आहे हे.’’

बाकांवरची माणसं वळली. दाराशी मॅडम उभ्या होत्या. हातातल्या हजेरीच्या कागदाची त्यांनी गुंडाळून नळी केली होती.

काका हसले. ‘‘कुठलं? बूट ना? बूट जरा मी वाहवत नेला...’’

‘‘बूट असू दे. बाईंपर्यंत सगळं असू दे. पुढचं खोटं आहे.’’ मॅडमचा आवाज चढला नव्हता. ‘‘मिस्त्री माझे वडील. बाईंनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा कुणी उठलं नाही. साहेब चावी द्यायला लागले, तर बाबा म्हणाले, आधी त्याला एकदा बोलू द्या, मग घेतो. अर्धा तास उभे होते ते, सगळ्यांसमोर. मग डबा उचलला आणि घरी आले. परत कधी गेले नाहीत.’’

काकांनी कपाकडे हात नेला, कप रिकामा होता.

‘‘तो उठणारच होता,’’ ते म्हणाले. ‘‘कागदावर हात होता त्याचा, खिशात. अगदी उठणारच होता तो...’’

‘‘तो नाही,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘तुम्ही. तुम्ही उठला नव्हतात, काका.’’